ग्रांदे बेटाजवळचे बुडालेले जहाज

गोव्यातील मुरगावच्या समुद्रात, ग्रांदे बेटाच्या आसपास, मागच्या जानेवारीत मी एका वाफेच्या जहाजाचे अवशेष पाहिले. झुआरी आणि मांडवी नद्यांच्या गाळामुळे इथले पाणी बहुतेक वेळा गढूळ असते, त्यामुळे दोरी धरून जेमतेम दहा मीटर खाली उतरलो तरी बॉयलरची गोल कड हाताच्या अंतरावर आल्यावरच दिसली. तिच्यावर कालवांचा जाड थर चढलेला होता, आणि एका भोकातून तांबुशी मासा स्थिरपणे माझ्याकडे पाहत होता.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या परिसरातील बुडालेल्या जहाजांचा कसून अभ्यास केला आहे. सुंची खडकाजवळ त्यांना सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या जहाजातील मालावर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ असा, म्हणजे बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कौलांच्या कारखान्याचा, शिक्का आढळला. ज्या कौलारू घरांत आपण वाढलो, त्यांच्याच जातीचा माल समुद्राच्या तळाशी पडून आहे, हे मला फार जवळचे वाटते.

आमच्यापैकी एकाने विटेचा तुकडा उचलला होता. मार्गदर्शकाने खुणेनेच तो जागेवर ठेवायला लावला, आणि ते योग्यच झाले, कारण वस्तू हलली की तिची जागा सांगत असलेली माहिती कायमची जाते. वर येताना सुरक्षेसाठी वाटेत तीन मिनिटे थांबलो, तेव्हा बॉयलर पुन्हा गढूळ पाण्यात विरून गेला होता.