पाठवलं आणि पोचलं

जूनमधला पहिला सोमवार. सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये, कर्वे रोडवरच होते. पलीकडे पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या ताई.

"मॅडम, माझ्या मोबाइलवर सगळ्या नोंदींपुढं हिरवी खूण आहे. पण तालुक्याचे साहेब म्हणतात, काहीच आलं नाही. मे महिन्यातलं एकसुद्धा नाही."

नाशिकपलीकडच्या या डोंगराळ भागात पावसाळ्यात पाण्याचे लोट वाहतात आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. ताई दर रविवारी आजूबाजूच्या १४ विहिरींची पातळी मोजतात. टेपला वजन बांधून आत सोडायचं, काठापासून पाणी किती खाली आहे ते वाचायचं, फोटो काढायचा, फोनवर नोंद करायची. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी हे चालतं. नोंदी गावातून तालुक्यापर्यंत नेणाऱ्या सॉफ्टवेअरचा वाहतुकीचा थर माझ्याकडे आहे. पाड्यावर रेंज नसते, ताई फोन करायलासुद्धा टेकडीवर चढतात. म्हणून मधे सर्व्हर ठेवलेला नाही. फोन थेट दुसऱ्या फोनशी बोलतो. जवळ असेल तर वायफायवरून किंवा ब्लूटूथवरून. दोन्ही जमत नसेल तर नोंदींची फाइल पेन ड्राइव्हवर उतरते आणि तो ड्राइव्ह एसटीनं तालुक्याला जातो.

मे अखेरची पातळी सगळ्यात महत्त्वाची, वर्षातली सर्वांत खालची. आणि त्याच आठवड्यात वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. म्हणजे मोजमाप पुन्हा घेण्याचा प्रश्नच नव्हता. ते पाणी आता त्या पातळीवर नव्हतं.

ऑफिसात पोचल्यावर आधी तालुक्याला फोन लावला. तिथला लॅपटॉप बंद पडला होता, म्हणून कोणीतरी तो ड्राइव्ह प्रिंट काढायच्या दुकानात नेला. दुकानदारानं व्हायरस दिसला म्हणून फॉरमॅट करून परत दिला. त्यानं त्याच्या परीनं मदतच केली होती. प्रश्न वेगळाच होता: फाइल तालुक्याला उघडलीच गेली नव्हती, तर ताईंच्या फोननं हिरवी खूण कशाच्या जोरावर दाखवली? आणि आकडे, फोटो पुसून कसे टाकले? फोन १६ जीबीचे. फोटोंनी भरून जातात, म्हणून नोंद "गेली" की आम्ही ती फोनवरून काढून टाकतो. तारीख आणि खूण तेवढी उरते.

पेन ड्राइव्हचा प्लगइन, म्हणजे ती वाट हाताळणारा प्रोग्रामचा जोडभाग, आमच्या टीममधल्या सर्वांत नवीन मुलानं लिहिला होता. तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "मॅडम, माझंच चुकलं असणार." आम्ही कोड उघडला. फाइल ड्राइव्हवर पूर्ण उतरली की त्याचं सेंड फंक्शन "खरं", म्हणजे काम झालं, असं परत देत होतं. मग मी इंटरफेसची, म्हणजे प्रत्येक प्लगइननं कसं वागावं हे ठरवणारी, फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली, एका पानात मावणारी. चार फंक्शन्स: कनेक्ट, लिसन, सेंड, क्लोज. सेंडच्या वर माझ्याच हातचा शेरा होता: प्लगइननं पाकीट ताब्यात घेतलं की "खरं" परत द्यावं; गाभा ते रांगेतून काढून टाकेल. (पाकीट म्हणजे पाठवायच्या डेटाचा गठ्ठा, गाभा म्हणजे सगळ्या वाटांना सामाईक असलेला मुख्य प्रोग्राम.)

त्या मुलानं माझा शब्द न् शब्द पाळला होता. मी त्याला ते तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं.

प्लगइनची कल्पना साधी आहे. पाकीट कुठल्या वाटेनं जातंय याच्याशी गाभ्याला देणंघेणं नसावं. प्रत्येक वाटेसाठी एक प्लगइन, सगळ्यांना एकच ठरलेला करार. पण तो करार लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं एकच वाट होती, टीसीपी, म्हणजे वायफायवर आणि इंटरनेटवर चालणारी नेहमीची पद्धत. दोन टोकं एकाच वेळी जागी असतात, त्यांच्यात जोडणी होते, बाइट क्रमानं जातात, उत्तर काही क्षणांत येतं, हे सगळं मी गृहीत धरलं होतं आणि कुठंही लिहिलं नव्हतं. पत्त्यासाठीसुद्धा आयपी आणि पोर्ट अशी दोन खणांची रचना होती. ब्लूटूथ आलं तेव्हा त्याचा ६ बाइटचा पत्ता आम्ही त्या आयपीच्या खणात कोंबला. पेन ड्राइव्हला तर पत्ताच नाही, तिथं शून्यं भरली. तेव्हाच थांबायला हवं होतं.

कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथनंही एकदा इशारा दिला होता. त्यात दोन्ही बाजूंनी वेगळं काही ठरवलं नाही, तर एका पाकिटात उपयोगाचे २० बाइट जातात. आमच्या प्रत्येक पाकिटाच्या तोंडाशी पाठवणाऱ्याची ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली असते. म्हणजे नाव-गाव सांगण्यातच दीड पाकीट संपतं. तेव्हा प्लगइनच्या आत तुकडे करून वेळ मारून नेली होती, करार तसाच ठेवला.

दुपारी जेवणाआधी मी जुन्या तक्रारी चाळायला घेतल्या. "शेवटची नोंद येत नाही", "एक आकडा कमी भरतो" अशा सात तक्रारी सापडल्या, सगळ्या वायफायवरच्या. आम्ही प्रत्येकीवर "पुन्हा घडलं नाही" असं लिहून ती बंद केली होती. लॉग शेजारी शेजारी लावले आणि माझे हात गार पडले. टीसीपीच्या प्लगइनमध्येही तीच चूक होती, आणि तो तर मी स्वतः लिहिलेला. सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर, सेंड यशस्वी झालं याचा अर्थ एवढाच की आपल्याच फोनच्या कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, ते बाइट आपल्या बफरमध्ये, तात्पुरत्या साठ्यात, उतरवून घेतले. ते अजून फोनबाहेरसुद्धा पडलेले नसू शकतात. समोरच्या फोनकडून टीसीपीची पोच आली तरी ती तिथल्या कर्नलची. नोंद डेटाबेसमध्ये लिहिली गेली की नाही, हे ती सांगत नाही. कोणी बोलता बोलता भिंतीआड गेलं, जोडणी तुटली, की बफरमधलं सगळं हवेत. दोन वर्षं आम्ही त्याला "नेटवर्क" म्हणत होतो. पेन ड्राइव्हनं ते उघडं पाडलं, इतकंच.

ही काही नवी गोष्ट नाही. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ सालीच मांडून ठेवलं आहे की फाइल नीट पोचली का, याची खात्री दोन टोकांवरचे प्रोग्रामच करू शकतात. मधली वाट कितीही भरवशाची केली तरी त्यांच्यावरचं ते काम सुटत नाही. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, मुलाखतींत इतरांना विचारलंही होतं.

तीन वाजता ताईंचा पुन्हा फोन आला. "मॅडम, वहीत लिहून ठेवलंय मी. सांगू का?"

चार रविवार, १४ विहिरी, ५६ आकडे. त्या टेकडीवर, मी मीटिंग रूममध्ये दार लावून. "चार तारीख. गावठाणातली, नऊ मीटर चाळीस. घेतलं का?" मी म्हणे, "नऊ चाळीस, घेतलं." "खालच्या पाड्याची, सात पंच्याऐंशी. घेतलं का?" मी "घेतलं" म्हणेपर्यंत त्या पुढची विहीर घेत नव्हत्या. मधे वारा सुटला की आवाज तुटायचा, मग त्या शेवटचा आकडा पुन्हा सांगायच्या, आणि मी म्हणायचे, "हो, हा आलाय, पुढचा सांगा." सव्वा तास लागला. शेवटच्या रविवारच्या पानावर पाणी पडलं होतं. आंब्याखालच्या विहिरीपुढचा आकडा फुटला होता. मी विचारलं, "साधारण किती असेल, ताई?" त्या जरा थांबल्या. "दहाच्या पुढं होतं, मॅडम. पण अंदाजानं नाही सांगायची मी. लिहिलेलं दिसत नाही, तर दिसत नाही."

५५ आकडे भरले, एक खण रिकामा ठेवला.

फोन ठेवल्यावर त्या मुलाला बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून कामाला हात घातला. पोच देणं आणि मागणं हे प्लगइनकडून काढून गाभ्याकडे घेतलं. नोंद समोरच्या डेटाबेसमध्ये लिहिली गेली की तिथला गाभा सही करून पोच पाठवेल. ती हातात आल्याशिवाय इकडची नोंद पुसायची नाही. पोच आली नाही तर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवायचं. साडेसहाला वायफायवर झकास चाललं. मधेच वायफाय बंद करून पाहिलं, पुन्हा सुरू केलं, एकही नोंद गळली नाही. मग टेबलावरच्या फोनला पेन ड्राइव्ह लावला, एक नोंद टाकली आणि आम्ही चहाला गेलो.

वीस मिनिटांनी परत आलो तर ड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकत होता. नोंद एकच, मग आता काय लिहितोय हा? ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला. आत ४० फाइली. सगळ्यांत तीच एक नोंद. दर ३० सेकंदांनी गाभा विचारत होता, पोच आली का, नाही, मग पुन्हा पाठव. आणि प्लगइन इमानेइतबारे नवी फाइल लिहीत होता. ताईंच्या फोनमध्ये हे गेलं असतं तर बुधवारची एसटी येईपर्यंत ड्राइव्ह भरून गेला असता.

त्या संध्याकाळी मला खरं कोडं दिसलं. ३० सेकंद हा आकडा टीसीपीच्या जगातला होता आणि मी तो गाभ्यात कोरून ठेवला होता. आपल्या वाटेला किती वेळ लागतो हे त्या वाटेलाच ठाऊक असतं, आणि माझ्या करारात तिला ते सांगायला जागाच नव्हती. रात्री घरी बसून इतरांनी काय केलंय ते वाचत गेले. ब्रायर नावाच्या संदेशांच्या ॲपमध्ये प्रत्येक प्लगइन आपला जास्तीत जास्त विलंब स्वतः सांगतो, आणि पेन ड्राइव्हसारख्या एकेरी वाटांसाठी तिथं वेगळ्या जातीचा प्लगइनच आहे. लिबपीटूपी या पीअर-टू-पीअर नेटवर्कच्या लायब्ररीमध्ये पत्ता म्हणजे आयपी-पोर्टची ठरीव जोडी नसून, प्रोटोकॉलचं नाव आणि त्याची किंमत अशी साखळी असते, त्यामुळे नवी वाट आली तरी खण मोडावे लागत नाहीत. जीएनयूनेट या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरनं प्लगइन आपल्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्राममध्ये, चढवणं सोडून प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्र प्रोसेस केली. ओळख लपवणाऱ्या टॉर नेटवर्कचे प्लगइनही तसेच वेगळे चालतात. एक कोसळला तरी बाकीचं उभं राहतं. हे मला फार पटलं, पण अँड्रॉइडवर मागं चालणाऱ्या प्रोसेस कधी मारल्या जातील याचा नेम नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

पुढचे तीन आठवडे करार नव्यानं लिहिण्यात गेले. आता प्लगइन आधी स्वतःची माहिती देतो: एका पाकिटात किती बाइट मावतात, क्रम राखला जातो का, वाट एकेरी की दुहेरी, जाऊन यायला जास्तीत जास्त किती वेळ. पेन ड्राइव्हनं तिथं १४ दिवस लिहिलं. पत्ता हा प्लगइनचा खाजगी मामला. गाभा तो नुसता जपून ठेवतो, उघडून बघत नाही. सेंड आता खरं-खोटं सांगत नाही, "घेतलं" किंवा "आत्ता जागा नाही" एवढंच सांगतं. पोच कुठल्याही वाटेनं परत येऊ शकते. पेन ड्राइव्हवरून गेलेल्या नोंदीची पोच, तालुक्याचा माणूस पाड्यावर गेला की त्याच्या फोनच्या वायफायवरून येते. आधी आमच्याकडे जोडणी हाच सगळ्याचा पाया होता. आता समोरचा माणूस, म्हणजे त्याची किल्ली, हा पाया आहे. कुलूपबंदीवरून, म्हणजे एन्क्रिप्शनवरून, मात्र खूप वाद झाला. क्विक या टीसीपीऐवजी वापरता येणाऱ्या नव्या पद्धतीत टीएलएस १.३ ही कुलूपबंदी आधीच गुंफलेली असते, मग गाभ्यानं वर पुन्हा का करावं? मी अडून बसले. पेन ड्राइव्ह दुकानदाराच्या हातात जातो, म्हणून नोंद आधीच बंद करून मगच प्लगइनच्या हवाली करायची. काही वाटांवर दुप्पट काम होतं, ते सोसू.

पडद्यावरची हिरवी खूण काढली. आता दोन शब्द दिसतात, "दिलं" आणि "मिळालं". ताईंनी विचारलं, "दिलं असताना आकडा दिसतो का पुन्हा?" दिसतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. वही मात्र त्यांनी सोडलेली नाही, आणि मीही सोडू नका असंच सांगितलं.

ऑगस्टमध्ये त्याच मुलानं लोरा या कमी विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओचा प्लगइन लिहिला. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, आणि पाकीट जेमतेम २५५ बाइटचं. फोटो त्यावरून जात नाहीत, आकडे जातात. गाभ्यातली एकही ओळ त्याला बदलावी लागली नाही. त्यानं कोड तपासायला पाठवला तेव्हा मी सगळ्यात आधी विलंबाचा आकडा पाहिला, मग सेंड काय परत देतं ते.

त्या मे महिन्याचा आलेख संस्थेच्या भिंतीवर लागला आहे. तेरा विहिरींच्या रेघा सलग उतरत जातात. आंब्याखालच्या विहिरीची रेघ शेवटच्या रविवारी तुटलेली आहे. जूनमध्ये पाणी चढल्यावर ती पुन्हा सुरू होते.