उलटी सायकल

फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता, 'सायकलीत यांत्रिक दोष'. पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. मी 'नाही'वर फुली मारली, खाली सही केली आणि कागद मालकाच्या ट्रेमध्ये ठेवला. ही जुलैतली गोष्ट. आता सप्टेंबर सरत आला, तरी ती फुली काही डोळ्यांपुढून हलत नाही.

मी स्टॉकहोमच्या आग्नेयेला नाका नावाच्या भागात, जंगलाच्या कडेला, भाड्याच्या माउंटन बाइकच्या एका दुकानात काम करते. (नाव नाका, पण नाक्यावर चहाची एक टपरी असेल तर शपथ.) बाबांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. दहावीपर्यंत मला चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता येत होता आणि बाबा हे गिऱ्हाइकांपासून लपवून ठेवायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. माझ्या बी.कॉम.ला इथे कुणी विचारलं नाही, पान्याला विचारलं.

लोकांना वाटतं, भाड्याची सायकल म्हणजे हवा भरायची आणि द्यायची. खरं काम धुण्याचं असतं. इथला खडक ग्रॅनाइट आणि नाइस, हिमयुगात बर्फाने घासून गुळगुळीत केलेला. त्याची रेव ओल्या चिखलात मिसळली की ब्रेकचे पॅड खडूसारखे झिजतात. मडगार्डवरून काउंटरवर गोचिड्या पडतात. सीटवर ब्लूबेरीचे जांभळे डाग असतात आणि ते घासून निघत नाहीत. बाकी मग कुणाला सीट उंच हवी, कुणाला हेल्मेट निळंच हवं, एवढंच.

त्या रविवारी रात्रभर पाऊस पडून सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. असं झालं की अख्खं शहर जंगलात येतं. साडेनऊला काउंटरपुढे अकरा माणसं, आणि आत मी आणि एक वीस वर्षांचा पोरगा. हा सस्पेन्शनवर अर्धा तास बोलू शकतो, पण चेन पुसून तेल घाल म्हटलं की नेमका त्याला फोन येतो.

रांगेत एक जोडपं होतं, पन्नाशी उलटलेलं. गृहस्थ शाळेत स्लॉइड शिकवायचे. स्लॉइड म्हणजे लाकूडकाम, शिवणकाम, हाताने वस्तू बनवणं. स्वीडनमधल्या प्रत्येक मुलाला हा विषय शिकावाच लागतो, आणि हे मला या देशाचं फार आवडतं. इथे राजघराणं सोडलं तर सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे 'तू'च म्हणतात. मीही तोंडाने म्हणते, पण मनात त्यांचं अहोजाहो चालूच असतं, म्हणून इथेही तसंच लिहिते.

त्यांना सायकल देताना मी पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर जरा मऊ लागला. दोनदा पंप केला, कडक झाला. दिली सायकल. मिरजेत बाबा दुरुस्त केलेल्या प्रत्येक सायकलवर स्वतः बसून गल्लीत एक राउंड मारायचे आणि मगच ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. माझ्यापुढे नऊ माणसं उभी होती.

मग त्यांनी विचारलं, "पंक्चर झालं तर काय करायचं? मला दाखव." हात चालवणारा माणूस, ट्यूब नुसती बरोबर नेऊन त्यांचं समाधान होणार नव्हतं. मी शेजारची एक सायकल उचलली, गर्रकन उलटी केली, सीटवर आणि हॅंडलवर उभी केली, चाक काढलं, टायर सोडवला, ट्यूब बदलून दाखवली. चार मिनिटं. ते एकेक हालचाल टिपत होते. दुरुस्तीचा स्टॅंड मागे दहा पावलांवर होता आणि पोराने त्याच्यावर दुसरी सायकल टांगून ठेवली होती. पण खरं सांगायचं तर स्टॅंड रिकामा असता तरी मी सायकल उलटीच केली असती. आमच्याकडे पंक्चर म्हणजे आधी सायकल उलटी, मग घमेल्यात पाणी. माझे हात विचारत नाहीत.

आता ब्रेकचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. बाबांच्या दुकानातले ब्रेक सळईचे. दांडी ओढली की सळई खेचली जाते आणि रबर रिमला घासतं. सायकल सरळ असो, उलटी असो, सळईला काय फरक पडतो? इथले ब्रेक हायड्रॉलिक. लिव्हरपाशी तेलाची काडेपेटीपेक्षाही लहान टाकी, तिथून नळी खाली चाकाजवळच्या कॅलिपर नावाच्या चिमट्यापर्यंत. लिव्हर ओढला की तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडना, आणि पॅड डिस्कला दोन्हीकडून चावतात. तेल दाबलं जात नाही, म्हणून एका बोटाने शंभर किलोचा माणूस थांबतो. हवा मात्र दाबली जाते. नळीत बुडबुडा शिरला की लिव्हर स्पंजासारखा लागतो. दोनतीनदा पंप केला की बुडबुडा वर चढतो, टाकीत जाऊन बसतो आणि लिव्हर कडक होतो. ब्रेक बरा झाला असं वाटतं. झालेलं एवढंच असतं, की हवा वरच्या मजल्यावर राहायला गेलेली असते. सायकल सरळ आहे तोवर ती तिथे निमूट बसते. सायकल उलटी केली की टाकी खाली, नळी वर, आणि हवेला पुन्हा वाट मोकळी.

तेल पूर्ण भरून, हवा नीट काढून ठेवलेला ब्रेक उलटा केला तरी सहसा काही बिघडत नाही. पण पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे सरकतात, तेल खाली उतरतं, टाकीत जागा होते. आमच्या सायकली हिवाळाभर पुढच्या चाकाने हुकाला टांगलेल्या असतात. एप्रिलमध्ये सगळ्यांच्या ब्रेकमधली हवा काढायची असते, आणि या एप्रिलला मालक म्हणाला होता, "गेल्या वर्षी केलंय की." तासाचा पगार वाचला. टायरचंही तसंच. गिऱ्हाइकाला मऊ वाटावं म्हणून तो सगळ्यांना सरसकट दीड बार दाबाने हवा भरायला लावतो, बसणारा पन्नास किलोचा असो की नव्वद. नव्वद किलोचा माणूस दीड बारवर दगडाच्या कडेवर आदळला की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चेचते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. हे त्याला मी तीनदा सांगितलंय.

साडेबाराला फोन आला. गृहस्थांच्या बायकोचा, आवाज अगदी शांत. मी माझ्या सायकलने निघाले. चार किलोमीटर, पाइन आणि स्प्रूसमधून. इथे खडकावर माती जेमतेम असते, त्यामुळे स्प्रूसची मुळं खाली जाण्याऐवजी आडवी पसरतात, वाटेवर म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. पाऊस पडून गेला की त्यांच्यावर साबण फासल्यासारखं होतं. मुळं काटकोनात ओलांडायची आणि त्यांच्यावर ब्रेक मारायचा नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. उतार संपला की तळ्याकाठी दलदल, आणि तिच्यावरून जायला दोन फळ्यांची अरुंद वाट.

उताराच्या मध्यावर ते खडकावर बसले होते, चेहरा पांढराफटक, उजव्या हाताने डावा कोपर धरलेला. फोन स्पीकरवर होता. आरोग्यसल्ल्याचा नंबर 1177 लावलेला आणि ते रांगेत थांबले होते. बायको थर्मासमधून कॉफी ओतत होती. गळ्याजवळचं हाड शर्टाखालूनही उंचावलेलं दिसत होतं.

काय झालं ते बायकोनेच सांगितलं. दगडावर आदळून पुढचं चाक पंक्चर झालं. यांनी सायकल उलटी केली आणि अकरा मिनिटांत ट्यूब बदलली. तिने घड्याळ लावलं होतं. मग दोनेकशे मीटर सपाट वाट, तिथे ब्रेकची गरजच पडली नाही. मग हा उतार. पुढचा लिव्हर थेट हॅंडलला टेकला, म्हणून त्यांनी मागचा जोरात ओढला, तो नेमका मुळावर, आणि मागचं चाक घसरलं.

पाठीवरच्या पिशवीत ती फाटकी ट्यूब नीट गुंडाळून ठेवलेली होती. कचरा जंगलात टाकायचा नाही म्हणून. मी ती कापली, लांब पट्टा केला आणि त्यांचा हात छातीशी बांधला. गाठीकडे पाहून ते म्हणाले, "छान गाठ आहे." मग म्हणाले, "चूक माझी. वाट ओली होती, मी वेगात होतो."

ते दोघं गाडीच्या दिशेने चालू लागल्यावर मी सायकल उभी केली आणि पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर हॅंडलला टेकला. पुन्हा दाबला, अर्ध्यावर आला. तिसऱ्यांदा दाबला आणि कडक. माझ्याच हाताने पुरावा पुसला गेला.

दुकान बंद झाल्यावर मी लिव्हरवर फनेल बसवलं, खालून सिरिंजने तेल चढवलं आणि बघत बसले. आधी तांदळाच्या दाण्याएवढा एक बुडबुडा वर आला. मागून मोहरीसारखे चार. मालक तोवर फॉर्म घेऊन आला होता. "ओल्या मुळांवर माणसं पडतातच," म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. 'यांत्रिक दोष' पुढे काय लिहिणार होते मी? ब्रेक उलटा न करता चालत होता. उलटा त्यांनी केला. करायला मी शिकवलं. एवढं लिहायला चौकट नव्हती.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेकमध्ये तेल असतं होय? मग अगं, तेलाचा डबा कुणी उलटा करतं का?" जरा थांबून म्हणाले, "पण तू माझंच बघून केलंस."

त्या गृहस्थांनी तक्रार केली नाही, पैसे मागितले नाहीत. इथे जंगलात हिंडायचा हक्क सगळ्यांना आहे, 1994 पासून तो घटनेतही आहे, आणि त्याच्या घोकलेल्या अटी दोनच, त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही. त्यात लोकांनी आपणहून तिसरी जोडली आहे: पडलो तर आपलं आपण. मला हे थोर वाटायचं. आता वाटतं, यामुळे आमच्यासारख्या दुकानांचं फार फावतं.

पुढच्या दोन रात्री थांबून मी बावीस सायकलींच्या चव्वेचाळीस ब्रेकमधली हवा काढली. पगार मागितला नाही, मालकाने दिलाही नाही.

गेल्या शनिवारी ते दोघं परत आले. बर्च पिवळे पडायला लागलेत, वाटा कोरड्या आहेत. खांदा बरा आहे म्हणाले, हात वर करून दाखवला. बरोबर जावई होता. जावयाला त्यांनी माझ्यासमोरच शिकवायला घेतलं. सायकल उचलली, गर्रकन उलटी केली, अगदी माझ्यासारखी, आणि म्हणाले, "अशी करायची. हिच्याकडूनच शिकलो."

मी काउंटरमागून बाहेर आले, सायकल सरळ केली, दोन्ही लिव्हर पाच-पाचदा दाबले. दगडासारखे कडक. म्हटलं, "आता आम्ही स्टॅंडवर करतो."

"का?" त्यांनी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मागे सहा माणसं उभी होती. "सोपं पडतं," मी म्हटलं.