एवढी माझी इव्हनिंग करशील का?

डिसेंबरात नवं कालनिर्णय घरात आलं की मी ते आधी खिळ्याला लावत नाही. जेवणाच्या टेबलावर पसरते आणि पेनं घेऊन बसते. गणपती कधी, गौरी कोणत्या वारी, शिमग्याची पालखी आमच्या घरी साधारण कधी येईल, दोन्ही ईद कधी. लाल पेन माझ्या ड्युट्यांचं. निळं पेन नवऱ्याच्या बोटीचं. आणि आपाच्या तारखांना पेन्सिल, कारण चंद्र दिसेपर्यंत ईद पक्की धरता येत नाही. पेनाने लिहिलं की खाडाखोड होते, आणि आमच्या आईंना (माझ्या सासूबाईंना) कालनिर्णयावर खाडाखोड चालत नाही.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. कागदावर अधिपरिचारिका, वॉर्डात सिस्टर, आणि वेलदूरच्या आमच्या वाडीत नर्सबाई. रुग्णालय दापोली तालुक्यात, घर गुहागर तालुक्यात, मध्ये वाशिष्ठीची खाडी. धोपाव्याला स्कूटी फेरीबोटीत चढवायची, दाभोळला उतरवायची आणि तिथून पुढे वळणावळणाचा रस्ता. फेरी नसती तर चिपळूणचा वळसा पडला असता आणि मग ही नोकरी मला करताच आली नसती. मॉर्निंग आठ ते दोन, इव्हनिंग दोन ते आठ, नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. इव्हनिंग सुटली आणि दुसऱ्या दिवशी मॉर्निंग असली की मी घरी येतच नाही, आपाकडे झोपते.

आपा म्हणजे माझी सिनियर. माहेर दाभोळचं, सासर दापोलीत. मी २००८ साली लागले तेव्हा माझी पहिली नाइट तिच्याबरोबर होती. त्या रात्री तिने मला कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लावायला शिकवलं नाही, ते मला येत होतं. तिने शिकवलं ते ड्युटी कशी मागायची ते. म्हणाली, "हे बघ गो, लिस्ट लागली की रडत बसायचं नाही. ज्या दिवशी तुला घरी असायलाच पाहिजे तो दिवस आधी सांग. आणि दुसरीला कधी घरी असायला पाहिजे ते तिने सांगायच्या आधी तू विचार."

बाहेरच्यांना वाटतं, परिचारिकेची सुट्टी म्हणजे साहेबांकडे अर्ज दिला आणि मिळाली. तसं नाही. वॉर्ड एक मिनिट रिकामा राहू शकत नाही. मी घरी असते तेव्हा माझ्या जागी कुणीतरी उभी असते. अदलाबदलीच्या अर्जावर दोघींच्या सह्या, खाली इनचार्ज सिस्टरची सही, एवढाच तो कागद. पण गेल्या सोळा-सतरा वर्षांतला माझ्या घरातला प्रत्येक सण, मुलीची प्रत्येक आजारपणातली रात्र, नणंदेचं लग्न, सगळं त्या कागदावर उभं आहे.

२०१० ला मोठी पंचाईत झाली होती. ११ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी आणि रमजान ईद एकाच दिवशी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे कधीतरी हे व्हायचंच होतं, पण ते माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला झालं. एरवी गणपतीत आपा माझ्या जागी आणि ईदला मी तिच्या जागी, हे ठरलेलं. त्या दिवशी दोघींनाही घर हवं होतं. शेवटी दिवस मधोमध कापला. ईदची नमाज सकाळी, म्हणून मॉर्निंग मी केली. बरोबर पावणेदोनला आपा आली. नवा ड्रेस घरी बदलून पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, हातावर मेंदी, अत्तराचा वास आणि स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा. ओव्हर घेताना, म्हणजे माझ्याकडून वॉर्डाचा ताबा घेताना, एका बाळंतिणीने तिला विचारलं, "सिस्टर, आज तुमची ईद ना? मग आलात कशाला?" आपाने उत्तर दिलं नाही, तिचं बीपी घ्यायला लागली. मी शीरखुर्मा स्कूटीच्या डिकीत ठेवून निघाले. घरी पोचले तेव्हा प्रतिष्ठापना केव्हाच झाली होती, पण संध्याकाळची आरती मिळाली. आईंनी तो डबा उघडून बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्यातच एकवीस मोदक भरून परत पाठवला. पुढच्या वर्षी ईद ३१ ऑगस्टला आणि चतुर्थी १ सप्टेंबरला आली. एका दिवसाचं अंतर आम्हाला केवढं मोठं वाटलं होतं!

पण ज्या ड्युटीचं माझ्यावर सगळ्यात जास्त ओझं आहे ती माझ्या पहिल्या ओवशाच्या दिवशीची. ओवसा म्हणजे सुनेने भरलेली सुपं गौरीसमोर ओवाळायची. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा दरवर्षी करता येत नाही, तसा योग यावा लागतो. योग आला आणि लिस्टमध्ये माझी इव्हनिंग आली. जिच्याशी बदलली होती तिचा मुलगा तापाने फणफणला. आपा आदल्या रात्रीची नाइट करून सकाळी घरी गेली होती. मी फोन केला. मला विचारायलाही लाज वाटत होती. "एवढी माझी इव्हनिंग करशील का?" ती झोपेतून उठून म्हणाली, "सुपं भरलीस का?" बस. दुपारी दोनला ती वॉर्डात हजर होती. आणि मी इथे वेलदूरला हिरव्या साडीत पाच सुपं घेऊन गौरीसमोर उभी होते. सुपात काकडी, दोडके, पानं, सुपारी, नारळ, वरून बांधलेला दोरा. सुपं हलवताना माझे हात थरथरत होते. बायका म्हणाल्या, नवी आहे, घाबरली. मी घाबरले नव्हते. मला तिकडची बारा खाटांची रांग दिसत होती, आणि रात्रभर जागलेली आपा.

ते ओझं मी थोडं उतरवलं २०१२ च्या बकरी ईदला. २७ ऑक्टोबर. भातकापणी जोरात. मी तिची ड्युटी करत होते आणि अकराच्या सुमारास एका बाईला आणलं, गवताचा भारा उचलताना फुरसं चावलेलं. कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर आणि गवतात हा साप फार. वीतभर दिसतो म्हणून लोक हसण्यावारी नेतात, पण त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. पायाला घोट्यावर सूज, आणि वर कुणीतरी रुमालाची गाठ इतकी घट्ट मारलेली की बोटं काळीनिळी. (हे कृपा करून करू नका. बांधू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका. पाय हलू देऊ नका आणि थेट रुग्णालयात या.)

फुरशाच्या चाव्यात आमच्या हातातली सगळ्यात मोलाची तपासणी अगदी साधी आहे. काचेची कोरी, कोरडी नळी. त्यात दोन मिली रक्त. नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच हळूच कलती करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ते खाली बसून राहतं. वाहिलं तर विष अंगात भिनलंय, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) चालू करायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, धुतलेलीही चालत नाही, आणि मध्येच उचलून बघायचा मोह आवरावा लागतो.

त्याच वेळी लेबर रूममध्ये दुसरी बाई शेवटच्या कळांत होती. डॉक्टर तिकडे, मी एकटी दोन्हीकडे. आणि तेवढ्यात दारात आपा. ती ड्युटीवरच्यांसाठी मटण-पुलावाचं पातेलं घेऊन आली होती, नवऱ्याच्या मोटारसायकलवरून. पातेलं मावशींच्या हातात दिलं, ओढणी कमरेला खोचली, हात कोपरापर्यंत धुतले आणि त्या नळीसमोर स्टुलावर बसली, डोळे घड्याळावर. ती बाई सारखी विचारत होती, "म्हशीचं दूध कोण काढील?" आपा तिला म्हणाली, "शेजारीण काढील. तू पाय हलवू नको." विसाव्या मिनिटाला तिने नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं धावलं. एएसव्हीच्या दहा व्हायल्स (बाटल्या) सलाईनमधून तासाभरात, शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवलेलं, रिॲक्शन येते का बघत. सहा तासांनी पुन्हा तीच नळी, तीच वीस मिनिटं. बाई पाचव्या दिवशी चालत घरी गेली. लेबर रूममध्ये मुलगी झाली होती. पुलाव आम्ही संध्याकाळी सहाला खाल्ला, गारढोण. त्या पुलावाची चव मला अजून आठवते.

जून-जुलै हे माझे उधारी फेडायचे महिने. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, नवरा घरी असतो. मुलीचा डबा, आईंचं इन्सुलिन, सगळं तो बघतो. म्हणून त्या दोन महिन्यांत मी कुणालाही नाही म्हणत नाही. लावणीचे दिवस, तापाचे पेशंट, लेप्टोची (पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती, वॉर्ड भरलेला. सगळ्यांना तेव्हाच दमायला होतं आणि तेव्हाच मी मोकळी असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हाही अशीच कुणाची तरी ड्युटी करत होते. रस्त्यावर झाडं आडवी, रिलीव्हर येऊच शकली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तिथेच. नवरा घरी होता म्हणून जीव थाऱ्यावर राहिला. ऑगस्टात बोट निघाली की निळं पेन परत सुरू, आणि मागायची पाळी माझी.

रमजानमधल्या नाइट्स मला विशेष आवडायच्या. साडेतीन-चारला आपा फोनचा गजर वाजायच्या आधीच बंद करायची, पेशंट जागे होऊ नयेत म्हणून. ड्युटी रूममध्ये दिवा न लावता, कॉरिडॉरच्या उजेडात दोघी जेवायचो. तिचं सांदण तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या दुधातलं. आमचं फणसाच्या रसाचं. कोणाचं चांगलं यावर आमचं कधी एकमत झालं नाही. त्या अर्ध्या तासात तिने मला तिच्या धाकट्या बहिणीचं सगळं सांगितलं, मी तिला माझ्या पडलेल्या पहिल्या गर्भाबद्दल सांगितलं. नवऱ्यालाही मी तेवढं बोलले नव्हते.

गेल्या वर्षी ३१ मे ला आपा अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाली. समारंभाबद्दल काही लिहीत नाही, मला तिथे नीट उभंही राहता आलं नाही.

तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. पण त्याच सुमारास वर्ध्याची एक मुलगी आमच्या वॉर्डात आली, तेवीस वर्षांची, समुद्र पहिल्यांदा बघितलेली. बांगड्याचा काटा काढायला मी शिकवलं. ऑगस्टात एक दिवस ती ड्युटी लिस्टसमोर नुसती उभी होती. मला आपाचं वाक्य आठवलं आणि मीच विचारलं, "तुला कधी घरी असायला पाहिजे?" ती म्हणाली, "ताई, तान्हा पोळा. भाच्याचा पहिला नंदी आहे." आमच्याकडे पोळा नाही, गुरांचा सण आम्ही दिवाळीत पाडव्याला करतो. तान्हा पोळा म्हणजे लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, हे मला तिच्याकडून कळलं. तिच्या तीन ड्युट्या मी घेतल्या. तिने परत येऊन चतुर्थीचे दोन दिवस माझे केले. गौरीजेवणाच्या दिवसाची मॉर्निंग मात्र माझ्याकडेच राहिली, कारण तो दिवस आमच्यातल्या दुसरीला जास्त हवा होता. तिची सून नवी होती, पहिला ओवसा.

प्रश्न आईंच्या इन्सुलिनचा होता. नवरा बोटीवर. सुई लावायला मी शिकवलेली शेजारची मुलगी गौरीला माहेरी गेलेली. आईंना सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत. आदल्या रात्री आपाचा फोन आला, सहजच. ती अजून विचारते, लिस्ट काय लागली. मी सांगितलं.

"फेरी पहिली किती वाजता सुटते आता?" तिने विचारलं.

सकाळी दाभोळच्या जेटीवर मी स्कूटी उतरवत होते आणि ती चढत होती. आदल्या रात्रीच माहेरी येऊन राहिली होती. हातात पिशवी, पिशवीत तिची स्वतःची बीपीची मशीन. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "युनिट किती?"

"सकाळी सोळा. जेवायच्या आधी अर्धा तास. साखर शंभरच्या खाली असेल तर मला फोन कर."

"ओव्हर मिळाली," ती म्हणाली. "जा, आठ वाजतील."