आमची वाटचाल : आधी न्यूट्रल, मग अलेक्सा

आमची वायरिंगची फर्म लोडशेडिंगनं उभी केली, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. २००५ नंतरची ती चार-पाच वर्षं सांगली जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. लाइट कधी जाणार याच्या वेळा पाठ करून लोक गिरणीत दळण टाकायचे, मोटर चालू करायचे, पाहुण्यांना बोलवायचे. आयटीआयचा वायरमनचा कोर्स, एका ठेकेदाराकडं उमेदवारी आणि मग स्वतःचा परवाना, असा माझा रस्ता. दुकानाच्या पाटीवर 'इन्व्हर्टर बसवून मिळेल' एवढं लिहिलं तरी काम पुरून उरायचं. महावितरण वीज मंडळातून नुकतंच वेगळं झालं होतं, पण आमची गिऱ्हाइकं तेव्हाही 'बोर्ड' म्हणायची, अजूनही म्हणतात.

त्या इन्व्हर्टर वायरिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढं तेच स्मार्ट घरांच्या कामात आडवं आलं. प्रत्येक खोलीतला एक पंखा नि एक ट्यूब इन्व्हर्टरवर घ्यायची, तर डीबीपासून (घरातल्या वितरण पेटीपासून) वेगळा फेज (वीज आणणारी वायर) ओढायचा आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) मात्र त्या खोलीत आधीपासून असलेलाच वापरायचा, ही तेव्हाची सर्रास पद्धत. वायर वाचायची, भिंत फोडावी लागायची नाही. फेज एका सर्किटचा आणि परत जाणारा न्यूट्रल दुसऱ्याचा, याचं कुणाला काही वाटायचं नाही. ट्यूब लागते ना, मग झालं. बहुतेक घरांत आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नव्हतीच, त्यामुळं तक्रार करणारंही कुणी नव्हतं.

स्मार्ट स्विचची पहिली कामं आमच्याकडं आली ती पार्सलमधून. म्हणजे असं, की मुलगा पुण्यात नाहीतर बेंगळुरूला नोकरीला, आई-वडील इथं विश्रामबागेत. मुलानं ऑनलाइन दहा-बारा मॉड्यूल (स्विचमागं बसणाऱ्या, मोबाइलवरून चालणाऱ्या डब्या) मागवून घरच्या पत्त्यावर पाठवलेली आणि आम्हाला फोन: "काका, फक्त बसवून द्यायचंय, अर्ध्या तासाचं काम आहे." बोर्ड उघडला की त्या अर्ध्या तासाचं काय होतं ते कळायचं.

साध्या स्विचला फेज येतो आणि दिव्याकडं जातो, बास. स्मार्ट मॉड्यूल मात्र दिवा बंद असतानाही जागं राहतं, मोबाइलकडून काही निरोप येतोय का ते ऐकत बसतं. त्याला स्वतःला चोवीस तास थोडी वीज लागते, म्हणून बोर्डात न्यूट्रल हवा. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथं तो असतो. पण जिन्यातला टू-वे (वरून-खालून दोन्हीकडून चालणारा), पलंगाशेजारचा, बाथरूमबाहेरचा नुसत्या स्विचचा बोर्ड, इथं न्यूट्रल बहुधा सापडत नाही. तो वरच्यावर फॅन बॉक्समधून दिव्याला गेलेला असतो. बिनन्यूट्रलची मॉड्यूलं मिळतात, नाही असं नाही. ती आपली वीज दिव्यातूनच थोडी-थोडी ओढतात, आणि कमी वॅटचा एलईडी असला की तो बंद करूनही मिणमिणतो. दिव्याला समांतर कपॅसिटर लावून ते बहुतेक वेळा थांबतं. आम्ही हा उपाय करतो, पण शेवटचा म्हणून.

याहून वाईट उपाय आम्ही लोकांच्या घरी बघितलाय. न्यूट्रल नाही, मग जवळची हिरवी, अर्थिंगची वायर आहेच की! एका बंगल्यात आमच्या आधी कुणीतरी सगळी मॉड्यूलं अर्थिंगवर चालवून ठेवली होती. सगळं उत्तम चालत होतं. पण तीच हिरवी वायर गीझरच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशिनच्या पत्र्याला जोडलेली असते. ती पुढं कुठं तुटली तर मॉड्यूलमधून येणारी वीज त्या पत्र्यांवर येऊन थांबते. वरून दिसतं काय, तर मोबाइलवर दिवे लागतात म्हणून घर खूश!

आता मघाचा न्यूट्रल. दुसऱ्या एका बंगल्यात आम्ही स्मार्ट कामाच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला का, एवढंच ती बघते. फरक पडला की वीज तोडते, म्हणजे पडते. आणि हॉलमधली ट्यूब लावली की ती पडायची, हमखास. घरमालक म्हणाले, "तुमची नवी वस्तू खराब आहे, जुनं होतं ते बरं होतं." आमच्याकडचे जुने वायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते शांतपणे स्टुलावर चढले. मामांच्या पिशवीत मल्टिमीटर असतो, पण विश्वास टेस्ट लॅम्पवर: एक होल्डर, एक बल्ब, दोन वायरी. डीबीतले सगळे न्यूट्रल बारमधून सोडवून एकेक करून ते तपासत गेले. हॉलची ट्यूब इन्व्हर्टरच्या फेजवर आणि तिचा न्यूट्रल स्वयंपाकघराच्या सर्किटमधून, म्हणजे तोच लोडशेडिंगच्या काळातला शॉर्टकट. खोलीगणिक असे न्यूट्रल सुटे करणं, इन्व्हर्टरचा न्यूट्रल इन्व्हर्टरबरोबर नेणं आणि प्रत्येकाला पट्टी लावून नाव लिहिणं, यात आमचा बहुतेक वेळ गेला. मॉड्यूलं खरंच चटकन बसली.

त्यानंतर आम्ही ठरवलं, की स्मार्टचं काम घ्यायचं तर आधी घराची पाहणी, आणि पाहणीचे पैसे. सांगलीत हे पचायला जड गेलं. "नुसतं बघायचे पैसे?" हा प्रश्न अजून येतो. काम आमच्याकडं आलं तर ती रक्कम बिलातून वळती करतो. काम नाही आलं तरी कागद गिऱ्हाइकाकडं राहतो: कोणत्या बोर्डात न्यूट्रल आहे, कुठं नाही, कुठल्या एमसीबीवर (जास्त भार आला की पडणाऱ्या स्विचवर) काय आहे, अर्थिंग कसं आहे. तो घेऊन दुसऱ्याकडून काम करून घेतलं तरी आमची हरकत नसते.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभाग, हरभट रोड, शामरावनगरातली घरं कित्येक दिवस पाण्यात राहिली. पाणी उतरल्यावर आमचं काम महिनोन् महिने तेच. बुडालेले स्विच, सॉकेट, रेग्युलेटर, एमसीबी सरळ टाकून द्यायचे, वाळवून वापरायच्या भानगडीत पडायचं नाही. वायरचं जरा अवघड. वरचं पीव्हीसी शाबूत दिसतं, पण पाणी वायरच्या तोंडातून आत शिरतं आणि तांब्यावर हिरवा थर धरतो. पाइप धुऊन गाळ काढायचा, वाळू द्यायचं आणि मग ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा; एक मेगओहमच्या खाली रीडिंग आलं की ती वायर बाहेर. (मेगर लावायच्या आधी घरातली मॉड्यूलं, राउटर, एलईडीचे ड्रायव्हर सगळं सोडवून ठेवावं लागतं. ५०० व्होल्टात ती जळतात. नव्या पोरांना हे आम्ही पहिल्या दिवशी सांगतो.)

भिंती तशाही उघड्या पडल्या होत्या, तेव्हा लोकच म्हणायला लागले, की आता करतोच आहोत तर पुढचं बघून करू. आमची आजची पद्धत त्या कामांतून घडली. डीबी वरच्या मजल्यावर, किंवा एकमजली घर असेल तर हात पोचेल तेवढ्या उंचीवर. तळमजल्याची सर्किटं वेगळ्या आरसीसीबीवर, म्हणजे खाली ओल आली तरी वरचा मजला अंधारात जात नाही. वायरी जमिनीतून न आणता छताकडून खाली. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, मग तिथं आज नुसता एक स्विच असला तरी. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा यातल्या काही घरांत खालचे सॉकेट तेवढे बदलावे लागले, डीबी कोरडी राहिली.

२०१९ च्या पुरापाठोपाठ टाळेबंदी आली आणि परगावची मुलं लॅपटॉप घेऊन घरी परतली. तेव्हा लोकांना कळलं, की हॉलमधला राउटर मागच्या खोलीत पोचत नाही. वाड्याच्या दीड फुटी दगडी भिंतीत वाय-फाय मरतं. आणि पुण्याकडच्या मायवन पद्धतीच्या फ्लॅटमध्येही मरतं, कारण तिथं सगळ्या भिंती काँक्रीटच्या. तिथं तर वायरसाठी भिंतीत झिरीही पाडता येत नाही; बिल्डरनं ओतकामाच्या वेळी जी पाइप टाकली तीच आपली. आमच्या गिऱ्हाइकांच्या मुलांनी तिकडं फ्लॅट घेतले की आम्हाला फोन येतात, आणि आमचा पहिला प्रश्न असतो: स्लॅब पडला का? पडला असेल तर निम्म्या गोष्टी हातातून गेल्या.

म्हणून नव्या बांधकामात आम्ही रिकाम्या पाइपा टाकायला सांगतो. त्यावरून होणारी भांडणं ठरलेली. "रिकाम्या पाइपचे पैसे कसले घेता?" प्रत्येक खोलीत कॅट-६ साठी (इंटरनेटच्या केबलसाठी) वेगळी पाइप, विजेच्या वायरींपासून लांब, २५ मिलिमीटरची, आत ओढायची दोरी टाकून तोंड बंद केलेली. कॅमेऱ्याच्या जागी तीच केबल नेली की डेटा आणि वीज दोन्ही एका वायरीतून जातात. पडद्याची मोटर आज नको असली तरी पेल्मेटमध्ये एक पॉइंट, दारापाशी बेलच्या जागी एक, आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत एक जाड पाइप. गाडी कधीतरी इलेक्ट्रिक येणारच. तिच्या ३२ अँपिअरच्या चार्जरची वायर तेव्हा फरशी उखडून टाकायची वेळ येऊ नये.

जुन्या घरांची एक गंमत आहे. लाकडी बोर्ड, वर हायलम शीट, आत ऐसपैस जागा. स्मार्ट मॉड्यूल त्यात आरामात बसतं. नवीन कन्सील्ड बॉक्समध्ये मात्र सहा स्विच, एक सॉकेट आणि सगळ्या वायरी कोंबलेल्या असतात. तिथं मॉड्यूल घातलं की प्लेट बसत नाही, आणि जबरदस्तीनं बसवली तर आत गरम होतं. त्यामुळं नव्या कामात आम्ही बॉक्स खोल घेतो आणि एक-दोन मॉड्यूलची जागा मोकळी ठेवतो. दिसायला बोर्ड मोठा दिसतो म्हणून इंटिरियरवाले कुरकुरतात. कुरकुरू देत.

गीझरबद्दल आम्ही हट्टी आहोत. दोन किलोवॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, तीनचा तेरा. दहा अँपिअर लिहिलेल्या मॉड्यूलवर तो चालतो, काही महिने. मग त्यातल्या रिलेचे (छोट्या विद्युत स्विचचे) काँटॅक्ट चिकटतात आणि मोबाइलवर 'बंद' दिसत असताना गीझर चालू राहतो. आम्ही मॉड्यूलनं काँटॅक्टर (मोठा भार पेलणारा दणकट स्विच) ओढतो आणि गीझरचा भार त्या काँटॅक्टरवर टाकतो. गीझरला ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी असतेच. पंख्याचंही तसंच: बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा घेतला की भिंतीवरचा रेग्युलेटर बाजूला काढावा लागतो, आणि स्मार्ट मॉड्यूलचा स्पीड कंट्रोलही त्याला चालत नाही. त्याला सरळ वीज द्यायची, वेग त्याच्या रिमोटवर.

अर्थिंग कुणालाच बघायचं नसतं. नदीकाठची काळी माती पावसाळ्यात छान असते, पण एप्रिलमध्ये भेगाळते आणि खड्ड्यातल्या पट्टीपासून सुटते. वळवाच्या पहिल्या विजेत राउटर आणि कॅमेरे जातात ते यामुळंही. डीबीत सर्ज प्रोटेक्टर बसवला तरी त्याला वीज सोडायला जमीन हवी ना. आम्ही न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज भर उन्हाळ्यात, भर लोडवर मोजतो. दोन-तीन व्होल्टच्या आत असला की निर्धास्त.

आणि एक नियम, ज्यावर आम्ही तडजोड करत नाही: इंटरनेट गेलं तरी घर चाललं पाहिजे. भिंतीवर बोटानं दाबायचा स्विच राहिलाच पाहिजे, कारण घरात ज्या आजी आहेत त्या मोबाइल शोधत बसणार नाहीत. (अलेक्साशी मात्र आजी झकास बोलतात, हिंदीत. जन्मभर मराठीशिवाय काही बोलल्या नाहीत आणि आता "बत्ती बंद करो" म्हणून घर गाजवतात.) लाइट जाऊन परत आल्यावर मॉड्यूलनं काय करायचं हेही आम्ही बसवतानाच ठरवतो, नाहीतर रात्री दोन वाजता लाइट येते आणि सगळ्या खोल्यांतले दिवे एकदम लागतात. राउटर इन्व्हर्टरवर तर घेतोच, पण काही इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बॅटरीवर जाताना क्षणभर झटका देतात आणि राउटर पुन्हा सुरू होत बसतो; त्याला छोटा वेगळा यूपीएस लागतो.

सध्या आम्ही दोन टीम चालवतो. जुन्या घरांची टीम मामांकडं आहे, नव्या बांधकामांची माझ्या मुलीकडं. ती डिप्लोमा करून आली आणि तिनं प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढायची शिस्त घातली. घरमालकाला किल्ली मिळते तेव्हा ते फोटोही मिळतात.

पाहणीसाठी बोलवणार असाल तर तीन गोष्टी काढून ठेवा: अलीकडचं लाइट बिल, त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो, डीबीचा दार उघडून काढलेला फोटो, आणि घरात कधी इन्व्हर्टर बसवला असेल तर साधारण कोणत्या साली. ऑनलाइन काही मागवलं असेल तर ते खोक्यातच राहू द्या, परत करता येतं. अर्थिंगची कामं आम्ही मार्च ते मे एवढ्यातच घेतो.