सोलापुरात पहिले भाड्याचे घर शोधताना

बँकेत, रुग्णालयात किंवा कारखान्यात पहिली नोकरी लागून सोलापुरात आलेली ओळखीतली मुले-मुली फोन करतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: राहायला कोणता भाग चांगला? पुण्यातून आलेल्यांच्या मनात या प्रश्नाबरोबर कॅफे, जिम आणि कार्यालयापर्यंतचा वेळ यांचा हिशेब असतो. माझे उत्तर मात्र नेहमी पाण्यापासून सुरू होते, आणि ते ऐकून समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते.

सोलापूरला पिण्याचे पाणी मुख्यतः भीमेवरील उजनी धरणातून, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून येते. त्याच्या जोडीला टाकळी येथून भीमेचे आणि थोडे हिप्परगा तलावाचे पाणी असते. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने, भागाभागाच्या पाळीनुसार सुटते आणि कधी कधी अडचणीच्या वेळी सुटते. त्यामुळे घर पाहायला गेल्यावर खोल्या मोजण्याआधी हौद किती मोठा आहे, गच्चीवरची टाकी सामाईक आहे की स्वतंत्र, मोटार कोण लावतो आणि बोअरला मे महिन्यात पाणी राहते का, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे शक्यतो घरमालकाकडून नव्हे, तर त्याच इमारतीतल्या एखाद्या गृहिणीकडून घ्यावीत, कारण पाण्याचा वार आणि वेळ तिला तोंडपाठ असते. एकटे राहून दिवसभर नोकरी करणाऱ्याने तर, पाणी सुटल्यावर ते भरून घेणारे कोणीतरी इमारतीत आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय होकार देऊ नये. बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते वापरायला चालते, पिण्यासाठी मात्र वेगळी सोय पाहावी लागते.

पाण्याचे समाधान झाले की मग भागाचा विचार करावा, आणि तो कामाच्या ठिकाणावरून करावा. सिव्हिल हॉस्पिटल, न्यायालय किंवा जिल्हा परिषद या परिसरात काम असेल, तर सात रस्ता, रेल्वे लाइन्स आणि लष्कर हे भाग सोयीचे पडतात. तिथे जुनी, जाड भिंतींची घरे अजून मिळतात. पार्किंगची अडचण असली तरी रात्रपाळी संपवून चालत घरी येता येते, आणि नव्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला ही सोय भाड्यातल्या थोड्या बचतीपेक्षा मोलाची वाटते.

सध्या तरुण नोकरदारांचा ओढा आहे तो जुळे सोलापूरकडे. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान पसरलेला हा भाग १९९२च्या हद्दवाढीनंतर झपाट्याने वाढला. नवी अपार्टमेंट, खाणावळी, किराणा, दवाखाने असे सारे तिथे हाताशी आहे, आणि एकट्या मुलामुलींना घर देण्याबाबत तिथले मालक पेठांतल्या मालकांपेक्षा कमी चौकशा करतात, असा माझा अनुभव आहे. तरीही एकाच भागात दोन गल्ल्यांमध्ये फार मोठा फरक असू शकतो. एका गल्लीत डांबरी रस्ता, दिवे आणि गटार असते, तर मागच्याच गल्लीत पावसाळ्यात दुचाकी घालणेही कठीण होते. म्हणून घर एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर पाहावे. होटगी रस्त्यावर रोजचे काम असणाऱ्यांनी आसरा पुलावरची संध्याकाळची गर्दीही हिशेबात धरावी.

चिंचोळी एमआयडीसी किंवा केगावच्या विद्यापीठात जाणाऱ्याने केवळ नाव ऐकले म्हणून जुळे सोलापूर धरू नये. त्याला बाळे किंवा जुना पुणे नाका जवळ पडतो. शहर बससेवेच्या भरवशावर घर निवडण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. दुचाकी नसेल, तर शेअर रिक्षा कोठून मिळते हे पाहून मगच घर ठरवावे.

पूर्व भागाविषयी बाहेरून आलेल्यांना कोणी फारसे सांगत नाही. अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक या पट्ट्यात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, भाडे तुलनेने कमी असते आणि शेजार लवकर जुळतो. यंत्रमागांच्या खटखटीची सवय मात्र व्हावी लागते. हलकी झोप असणाऱ्याने तिथे घर घेण्यापूर्वी माग किती जवळ आहे हे कान देऊन पाहावे.

भाग कोणताही असो, सर्वांत वरचा मजला स्वस्त मिळाला तर कारण विचारावे. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांपर्यंत सहज जातो, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि भाड्यात वाचलेले पैसे कूलर व विजेच्या बिलात जातात. खोलीला पश्चिमेची उघडी भिंत असेल, तर ही अडचण दुप्पट होते.

शेवटी कराराविषयी. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, असे इथे अनेक मालक आणि एजंट ठामपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ नुसार मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते: महिना ८,००० रुपये भाडे धरले, तर अकरा महिन्यांचे ८८,००० रुपये होतात आणि डिपॉझिटचा हिशेब धरूनही शुल्क काही शे रुपयांतच राहते. महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. हा खर्च कोणी द्यायचा, टँकर मागवावा लागला तर त्याचे पैसे कोणाचे आणि विजेचा मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, या तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात, आणि किल्ली हाती घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो मालकासमोरच काढून त्यांना पाठवून ठेवावा.