तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मिनरल मिळतंय, घ्यावं का?’

आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशासाठी जोसाच्या फेऱ्या सुरू झाल्या की फोन येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो: “धनबादला मिनरल इंजिनिअरिंग मिळतंय, घ्यावं का? की इथेच कुठेतरी कॉम्प्युटर घेऊन टाकावं?” विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. ज्याला चार वर्षं काढायची आहेत तो फोनवर क्वचितच येतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं, आणि ते मला कधीच देता येत नाही.

आधी शाखेबद्दल. धनबादची संस्था 1926 ची, लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्सच्या धर्तीवर उभारलेली. आयआयटीचा दर्जा तिला 2016 मध्ये मिळाला. पूर्वी तिथल्या या शाखेचं नाव नुसतं मिनरल इंजिनिअरिंग होतं, आता मिनरल अँड मेटलर्जिकल आहे. दगड खाणीतून काढायचा तो मायनिंगवाल्यांनी, भट्टीत घालायचा तो मेटलर्जीवाल्यांनी. मधलं फोडणं, दळणं आणि कामाचं-बिनकामाचं वेगळं करणं आम्हा मिनरलवाल्यांकडे. नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंगही आहे आणि मेटलर्जीही, पण अशा ठिकाणी आमचा विषय एखाद-दुसऱ्या पेपरापुरता येतो.

हे मधलं काम म्हणजे काय, ते तांब्यावरून सांगतो. गोंदियाहून बालाघाटच्या बाजूला गेलं की मलाजखंड लागतं, हिंदुस्थान कॉपरची मोठी खाण. तिथल्या दगडात तांबं साधारण एक टक्का. समजा, असा 100 टन दगड प्लांटमध्ये आला, त्याचा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे 22 टक्के तांबं असलेला दाट माल, केला आणि टाकाऊ मालात 0.1 टक्का तांबं गेलं. गणित मांडा: कॉन्सन्ट्रेट जेमतेम 4.1 टन, त्यात तांबं 0.9 टन. म्हणजे रिकव्हरी, दगडातल्या तांब्यापैकी हाती आलेला वाटा, नव्वद टक्के. बाकी जवळपास 96 टन चिखल.

आता मालक म्हणतो, 22 चे 26 करा. करता येतात, पण मग थोडं तांबं चिखलात जास्त जातं. चिखलातलं तांबं ओढायला गेलात तर कॉन्सन्ट्रेटमध्ये माती येते. दगड आणखी बारीक दळून पाहावा तर विजेचं बिल फुगतं. फ्रेड बाँड या अभियंत्याने 1952 मध्ये दळण्याच्या ऊर्जेचं सूत्र मांडलं, त्यात शेवटच्या कणाच्या आकाराचं वर्गमूळ छेदात बसलंय; बारीक करत जावं तशी प्रत्येक पुढची पायरी महाग होत जाते. शिवाय अति बारीक पीठ झालं की फ्लोटेशनमध्ये, म्हणजे पाण्यात हवा सोडून हवं ते खनिज बुडबुड्यांवर तरंगवताना, बुडबुडे ते नीट धरत नाहीत. चार वर्षांत शिकायचं ते मुख्यतः हेच, की किती तांबं सोडून द्यायचं हे आकड्यांनी ठरवता आलं पाहिजे. ज्या मुलाला प्रत्येक गणिताचं एकच बरोबर उत्तर लागतं, त्याची इथे चिडचिड होते.

विषय मात्र सुंदर आहे, हे सांगताना मी पक्षपाती आहे असं खुशाल समजा. फ्लोटेशनच्या टाकीत झँथेट नावाचं रसायन टाकलं की सल्फाइड खनिजाच्या कणाला पाणी नकोसं होतं आणि तो बुडबुड्याला चिकटून वर येतो. चुना घालून पीएच वाढवला की पायराइट हे नको असलेलं लोखंडाचं सल्फाइड खालीच राहतं. सगळा खेळ कणाच्या पृष्ठभागावर चालतो, आत काय आहे याच्याशी बुडबुड्याला देणंघेणं नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते ना, तिच्यात इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज असतं, ते चुंबकाने वेगळं काढता येतं. केरळात अशाच वाळूतून रूटाइल आणि झिरकॉन ही खनिजं निघतात. चुंबकाला दोन्ही दाद देत नाहीत, पण रूटाइल वीज वाहून नेतं आणि झिरकॉन नाही, म्हणून उच्च दाबाच्या विजेने त्यांना वेगळं करतात. रसायन, पदार्थविज्ञान आणि प्रवाहशास्त्र एकाच टेबलावर, असं इतर शाखांत फार थोड्या ठिकाणी भेटतं.

सगळ्यात कंटाळवाणा धडा सॅम्पलिंगचा. ढिगातून मूठभर माल असा उचलायचा की तो अख्ख्या ढिगासारखा असावा. मुलं हा पेपर ढकलतात. मग प्लांटमध्ये गेल्यावर कळतं, सॅम्पल वाकडं तर पुढचं सगळं विश्लेषण वाकडं, प्रयोगशाळेतलं मशीन कितीही कोटींचं असो.

आणि त्या 96 टनांचं काय? ते टेलिंगच्या, म्हणजे प्लांटच्या टाकाऊ चिखलाच्या, धरणात जातात. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला 2019 मध्ये लोहखनिजाच्या टेलिंगचं धरण फुटून 270 माणसं गेली. माझ्या मते टेलिंगचा विषय ऐच्छिक असूच नये. कॉलेज निवडताना अभ्यासक्रमात तो कुठे आहे, ते जरूर बघा.

नोकरीचं विचाराल तर खनिज जिथे असतं तिथेच प्लांट असतो, हिंजवडीत नाही. झावर, मलाजखंड, सिंहभूम, केओंझर, बळ्ळारी. गडचिरोलीचं सुरजागड आता जवळचं नाव झालंय. गोव्यात कोर्टाच्या आदेशांनी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा अनुभवी माणसंही घरी बसली. हा धोका या धंद्यात आहे. नागपूरकरांना एक फायदा: इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आणि मँगनीज काढणारी सरकारी कंपनी मॉइल, दोन्हींची मुख्यालयं शहरात, ब्युरोची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा हिंगण्याला. केंद्राने 2025 मध्ये 16,300 कोटींचं क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं, लिथियम-रेअर अर्थची चर्चा जोरात आहे. चांगलं आहे, पण घोषणा झाली म्हणून पुढच्या वर्षी जागा निघत नाहीत. आयआयटीचा शिक्का घेऊन सॉफ्टवेअरमध्ये जाणारेही पुष्कळ. ते वाईट नाही. फक्त तसं आधीच ठरलं असेल, तर चार वर्षं दगड दळणारी बॉल मिल कशाला शिकायची?

“मुलगी आहे हो आमची,” असं म्हणून काही जण थांबतात. खाणीत जमिनीखाली बायकांना कायद्याने मज्जाव होता आणि जमिनीवरच्या कामालाही रात्रीची बंदी होती. 2019 मध्ये केंद्राने अटी घालून दोन्हींत सूट दिली. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे आमचा दळण-फ्लोटेशनचा प्लांट, तर जमिनीवरच असतो. प्रश्न शिफ्टचा, वसाहतीचा आणि तिथल्या शौचालयांचा आहे, तो कंपनीगणिक बदलतो. मुलाखतीच्या वेळी तिने तो स्पष्ट विचारावा.

शेवटचं, पण पैशाचं. सरकारी कंपनी किंवा एमटेक डोक्यात असेल तर त्यासाठीच्या गेट परीक्षेत मिनरलचा वेगळा पेपर नाही. मेटलर्जी द्यायचा की मायनिंग, हे निवडावं लागतं, आणि दोन्हींत बराच भाग असा असतो जो आमच्याकडे तपशिलात शिकवत नाहीत. त्यामुळे ही निवड दुसऱ्या वर्षीच करून त्या विभागाची पुस्तकं हाताशी ठेवायची.