रॉक बँडमध्ये घुमट आणताना

गोव्यातला रॉक बँड वळण बदलायचं म्हणतो तेव्हा हात हमखास घुमट या तालवाद्याकडे जातो. २०१९ मध्ये त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला, तेव्हापासून जरा जास्तच. पण नुसतं मंचावर आणून ठेवलं की झालं, असं नाही.

घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड डाव्या तळव्याने उघडायचं-झाकायचं. खर्जातला ‘घूं’ या लहान तोंडातून येतो, म्हणून एकच माइक चामड्यावर लावला तर फक्त टकटक ऐकू येते. दोन लावा: एक चामड्यापासून वीतभर दूर, तिरका, दुसरा लहान तोंडाजवळ, पण तळवा आपटणार नाही इतका बाजूला. दोन्ही मिळून आवाज पोकळ झाला तर एकाचा फेज (ध्वनिलहरीची दिशा) मिक्सरवर उलटा करून बघा.

खरी मारामारी गिटारशी. तिचं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेला, खरखरीत आवाज) निम्म्यावर आणा, तिचा २०० ते ४०० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या-मधल्या सुरांचा पट्टा थोडा कापा. बास ड्रमला घुमटाच्या ठोक्यावर गप्प बसवा. (ड्रमर रुसतो. रुसू दे.)

पूर्वी घोरपडीचं चामडं असे. आता ते बेकायदा, बकरीचंच घ्या. पावसाळ्यात ते ओल धरून सैल पडतं. उन्हात किंवा बल्बखाली शेकवा, ज्योतीवर कधीच नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीतली लय चढत जाते, तिला क्लिक ट्रॅक (वादकांच्या कानात वाजणारा एकसारख्या गतीचा ठोका) लावू नका.